पंपाचा राखणदार: कोकणातल्या आगरात बसवायचं पहिलं सर्किट

शिमगा जवळ आला की आगरातल्या विहिरीचं पाणी झपाट्याने खाली जातं. माडा-पोफळींना शिंपण्याची पाळी चुकवता येत नाही, म्हणून आपण पंप चालू करतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तासाभराने परत येईपर्यंत झरे मागे पडलेले असतात आणि पंप नुसता हवा ओढत असतो. पंपाचा सील थंड राहतो तो पाण्यानेच. पाणी गेलं की तो तापतो, झिजतो, आणि पुढचा खर्च सगळ्यांच्या ओळखीचा आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरीत आणखी एक भीती असते. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं गोडं पाणी आपण फार उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला पाऊस जावा लागतो.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी पहिला प्रकल्प हाच सांगतो: विहिरीत पाणी असेल आणि टाकी भरलेली नसेल तोवरच पंप चालू राहू देणारं सर्किट. एलईडी लुकलुकवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण एका महिन्याच्या संध्याकाळी पुरतात आणि शेवटी घरात एक उपयोगाची वस्तू राहते.

माझ्या स्वतःच्या पहिल्या सर्किटने पंप वाचवला नाही, जाळला. विहीर रिकामी झाली की फ्लोटच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी आत जोडल्या जातील आणि सर्किट पंप बंद करेल, अशी माझी रचना होती. बादलीत ती अगदी बरोबर चालली. मग एका रात्री घुशीने वायर कुरतडली. वायर तुटली, म्हणजे जोड झाला नाही. जोड झाला नाही, म्हणजे सर्किटच्या लेखी विहीर भरलेली. पंप पहाटेपर्यंत कोरडा फिरला. सर्किटमधला एकही भाग बिघडला नव्हता. चूक होती ती मी ‘नाही’साठी वायर वापरली आणि ‘हो’ गृहीत धरलं ही. खाली जे काही लिहिलं आहे ते या एका गोष्टीभोवती आहे: वायर तुटली, लाईट गेली, प्रोग्राम अडकला, खारी हवा आत शिरली, काहीही झालं तरी पंप थांबलाच पाहिजे.

आधी कागद

सामान मागवण्याआधी वहीचं एक पान घ्या. वर एकच वाक्य लिहा: ‘दोन्ही फ्लोट परवानगी देत असतील तोवरच पंप चालू राहील.’ त्याखाली दोन रकाने करा. डावीकडे काय काय बिघडू शकतं ते लिहा: विहिरीकडची वायर तुटली, टाकीकडची वायर तुटली, वायरी एकमेकींना चिकटल्या, ॲडॅप्टर गेला, बोर्ड अडकला, रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच) चिकटून बसला. उजवीकडे प्रत्येकासमोर त्या वेळी पंप काय करेल ते. जिथे जिथे ‘चालू राहील’ असं उत्तर येईल तिथे रचना बदलायची. सगळीच उत्तरं बदलता येत नाहीत. दोन वायरी चिकटल्या तर हे सर्किट फसेल, म्हणून त्या वायरी पाइपातून न्यायच्या आणि प्रोग्राममध्ये वेळेची मर्यादा घालायची. पण हे आधी माहीत असणं आणि पंप जळल्यावर कळणं यात फरक आहे.

दुसरा निर्णयही याच पानावर घ्या. पहिलं यंत्र फक्त थांबवणारं असावं, चालू करणारं नसावं. स्टार्टरचं हिरवं बटण माणसानेच दाबायचं. अपरात्री लाईट आली आणि विहिरीवर कोणी उतरलेलं असताना पंप आपोआप सुरू झाला, असं कधीच होता कामा नये. मोबाईलवरून पंप चालू करायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. ती दोन पावसाळे पुढे ढकला.

सामान

मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो घ्या. त्यावरची एटीमेगा ३२८पी ही चिप ५ व्होल्टवर चालते, तिच्यात ३२ किलोबाइट प्रोग्राम मावतो आणि या कामाला त्याचा लहानसा कोपराच लागतो. वायफायवाले ईएसपी बोर्ड जास्त ताकदीचे आहेत, पण ते ३.३ व्होल्टचे, आणि मोटरच्या शेजारी पहिल्यांदा काम करताना ५ व्होल्टचा दणकट बोर्ड बरा पडतो. स्वस्त नॅनोवर संगणकाशी बोलायला सीएच ३४० नावाची चिप असते. संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर बहुतेक वेळा तिचा ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो, किंवा केबल नुसती चार्जिंगची असते.

बाकी यादी छोटी आहे. टाकीत सोडायचे वायरवाले फ्लोट स्विच २, पीसी ८१७ ऑप्टोकपलर २, टू-एन २२२२ ट्रान्झिस्टर, वन-एन ४००७ आणि वन-एन ४१४८ डायोड, ७८०५ रेग्युलेटर (१२ व्होल्टचे ५ करणारा), १२ व्होल्टचे १ ॲम्पिअरचे ॲडॅप्टर २, आणि १२ व्होल्ट कॉइलचा, बेसमध्ये खोचायचा पारदर्शक झाकणाचा रिले. छोटे निळे रिले मॉड्यूल स्वस्त मिळतात, पण त्यात २३० व्होल्ट आणि तुमचं ५ व्होल्टचं सर्किट बोटभर अंतरावर येतात. बेसवाल्या रिलेमध्ये मेनची वायर तुमच्या बोर्डावर येतच नाही, आणि तो वायरमनच्याही ओळखीचा असतो. रेझिस्टर, कपॅसिटर, एलईडी, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडून बघायला), ठिपक्यांचा बोर्ड (मग पक्कं सोल्डर करायला) आणि एक मल्टिमीटर. पैसे कमी असतील तर बाकीचं सगळं मागे ठेवा आणि मल्टिमीटर बरा घ्या.

हे तालुक्याच्या गावी क्वचितच एकत्र मिळतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ इथून गावी येणाऱ्या माणसाकडे यादी द्या, नाहीतर कुरिअरने मागवा. चिप, ट्रान्झिस्टर, ऑप्टो हे तिप्पट मागवा. पावसात एका भागासाठी चार दिवस थांबावं लागलं की उत्साहच ओसरतो.

ब्रेडबोर्डवर, बादलीत

पहिल्या दिवशी बोर्डावरचा एलईडी लुकलुकवा. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर ‘टीं’ आवाजाच्या खुणेवर ठेवा, फ्लोट हातात धरा, वर-खाली करा, आणि कुठल्या दोन वायरींमध्ये तो कधी वाजतो ते वहीत लिहा. वायरीच्या रंगांवर विसंबू नका, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

विहिरीतला फ्लोट पाण्यावर तरंगताना जोडलेला हवा. टाकीतला फ्लोट लोंबकळताना जोडलेला हवा आणि टाकी भरून वर उचलला की सुटला पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे जोडलेली वायर ही परवानगी आणि सुटलेली वायर हा नकार. घुशीने आता कुठलीही वायर तोडली तरी पंप थांबतो.

फ्लोट थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका. नॅनोच्या पिनमध्ये आतला पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) रेझिस्टर असतो, पण तो २० ते ५० किलोओमचा. पडवीपासून विहिरीपर्यंत चाळीस-पन्नास फूट गेलेल्या वायरीसाठी तो फार अशक्त आहे. इतकी लांब वायर अँटेनासारखी वागते. मोटर सुरू होताना, शेजारी वेल्डिंग चालू असताना, लांबवर वीज चमकताना तिच्यात झटके येतात. इथे ऑप्टोकपलर कामाला येतो. त्याच्या पोटात एक एलईडी आणि समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांत तारेचा संबंध नाही, निरोप फक्त उजेडाने जातो.

दुसऱ्या ॲडॅप्टरच्या १२ व्होल्टपासून साखळी अशी करा: धन टोक, फ्लोट, २.२ किलोओम रेझिस्टर, एक साधा हिरवा एलईडी, ऑप्टोचा एलईडी, ऋण टोक. हिशोब स्वतः करा. हिरवा एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, ऑप्टोचा १.२. उरले ८.८. भागिले २२०० ओम, म्हणजे ४ मिलिॲम्पिअर. हिरवा एलईडी याच साखळीत असल्यामुळे तो पेटला म्हणजे विहिरीपर्यंत जाऊन प्रवाह खरोखर परत आला. प्रोग्रामला काय वाटतं ते दाखवणाऱ्या दिव्यापेक्षा हा दिवा जास्त खरा. वायरी उलट जोडल्या गेल्या तर ऑप्टो मरू नये म्हणून त्याच्या एलईडीला उलट्या दिशेने एक वन-एन ४१४८ समांतर लावा.

ऑप्टोच्या दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचं एक टोक जमिनीला (म्हणजे बोर्डाच्या जीएनडीला, अर्थिंगला नव्हे), दुसरं नॅनोच्या पिनला, आणि त्याच पिनपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओम. प्रवाह वाहत असेल तर पिन ‘लो’ (शून्य व्होल्टजवळ) होते. वायर तुटली, दुसरा ॲडॅप्टर गेला, ऑप्टोचा एलईडी मेला, यातलं काहीही झालं तरी पिन ‘हाय’ (५ व्होल्टजवळ), म्हणजे नकार. टाकीसाठी तशीच दुसरी साखळी. दोन ॲडॅप्टर वेगळे ठेवण्याचं कारण इतकंच की विहिरीकडून आलेला झटका बोर्डाच्या बाजूला पोचू नये. एकाच ॲडॅप्टरवर दोन्ही चालवलं तर ऑप्टोचा अर्धा फायदा गेला.

जाता जाता एक इशारा. यूट्यूबवर फ्लोटऐवजी पाण्यात दोन तांब्याच्या तारा सोडून पातळी मोजताना दाखवतात. एकाच दिशेचा प्रवाह पाण्यातून सतत गेला की विद्युत-विघटन होतं आणि धन बाजूची तार झिजत जाते. किनाऱ्याच्या क्षारयुक्त पाण्यात तर फार लवकर. आणि आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारे उघडे सेन्सर टाकीच्या झाकणाखाली लावले तर वाफेचे थेंब त्यांच्या जाळीवर साचतात. पहिल्या प्रकल्पाला फ्लोटच बरा.

प्रोग्राम

भाषा शिकायला वेळ लागेल, पण तर्क आधी मराठीत लिहून काढा. माझा असा आहे:

सुरुवातीला रिलेची पिन बंद. दोन मिनिटं काहीही करू नकोस, लाईट नुकतीच आली असेल तर व्होल्टेज स्थिर होऊ दे.
दोन्ही पिना वाच.
परवानगी सलग १० सेकंद टिकली तरच ती खरी मान; दोन्हीकडून आली तर रिले ओढ, म्हणजे चालू कर.
नकार सलग २ सेकंद टिकला की खरा मान.
विहिरीने नकार दिला तर रिले सोड, म्हणजे बंद कर, आणि पुढची ४५ मिनिटं परवानगी आली तरी ऐकू नकोस.
टाकीने नकार दिला तर रिले सोड.
रिले सलग ४० मिनिटं ओढलेला राहिला तरी सोड, आणि बटण दाबेपर्यंत थांब.

‘हो’ला १० सेकंद आणि ‘नाही’ला २ सेकंद हे मुद्दाम आहे. पाण्यावर फ्लोट हिंदकळतो, त्याच्या प्रत्येक हिंदकळण्याला रिले नाचू नये म्हणून दोन्हीकडे थोडी थांबायची वेळ हवी. पण संशय असेल तेव्हा झुकायचं ते नकाराकडे. ४५ मिनिटं हा माझ्या विहिरीचा आकडा. तुमच्या विहिरीत उपसल्यावर पाणी किती वेळात परत चढतं ते एका रविवारी दोरी सोडून मोजा आणि तो आकडा घाला. ४० मिनिटंही तशीच: तुमची टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. मात्र रिले ओढलेला असणं म्हणजे पंप चालू असणं नव्हे. पंप बंद असतानाही परवानगी असेल तर रिले ओढलेलाच राहतो, म्हणून हिरव्या बटणाआधी एक छोटं ‘पाळी सुरू’ बटण बोर्डाला द्या आणि ४० मिनिटं तिथून मोजा.

वेळ मोजताना नवशिके ‘डिले’ वापरतात. डिले चालू असताना बोर्ड दुसरं काही बघत नाही, म्हणजे ४५ मिनिटांच्या डिलेत टाकी, बटण, दिवे सगळं आंधळं. त्याऐवजी ‘मिलिस’ नावाचं घड्याळ वापरा: घटना घडली तेव्हाची वेळ लिहून ठेवा आणि प्रत्येक फेरीत ‘आत्ता वजा तेव्हा’ करून बघा. हे घड्याळ सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं. वजाबाकी चिन्हरहित लाँग (unsigned long, ऋण आकडे नसलेल्या) प्रकारात केली तर त्याने काही बिघडत नाही. ‘आत्ता मोठं का तेव्हा अधिक ४५ मिनिटं’ अशी तुलना केली तर पन्नासाव्या दिवसाच्या आसपास सर्किट विचित्र वागेल, आणि कारण कोणाला कळणार नाही.

शेवटची गोष्ट वॉचडॉग. चिपच्या आतलं हे वेगळं घड्याळ प्रोग्रामने ठराविक वेळात थोपटलं नाही तर चिप स्वतःला रीसेट करते. एटीमेगा ३२८पीवर जास्तीत जास्त ८ सेकंदांची मुदत देता येते. रीसेट झाला की रिले सुटतो, म्हणजे बिघाड पुन्हा आपल्या बाजूने. जुन्या बूटलोडरच्या (बोर्ड चालू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) काही नॅनो मात्र वॉचडॉगने रीसेट झाल्यावर रीसेटच्याच फेऱ्यात अडकतात. तेव्हा तुमचा बोर्ड तसा आहे का ते ब्रेडबोर्डवरच प्रोग्राम मुद्दाम अडकवून पाहा.

रिले, आणि वायरमनचं काम

बेसवाल्या रिलेची १२ व्होल्टची कॉइल साधारण ७५ मिलिॲम्पिअर घेते. नॅनोच्या पिनवर २० मिलिॲम्पिअरच्या वर भार टाकू नये, म्हणून मध्ये टू-एन २२२२. पिनपासून बेसला १ किलोओम, बेसपासून जमिनीला १० किलोओम. हा दुसरा रेझिस्टर पुष्कळ आकृत्यांत नसतो. बोर्ड चालू होत असताना क्षणभर पिन अधांतरी असते. तेव्हा ट्रान्झिस्टरला बंद धरून ठेवायचं काम त्याचं. कॉइलला उलटा वन-एन ४००७, पट्टीची बाजू धन टोकाला. कॉइल बंद होताना ती उलट झटका देते आणि हा डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर जातो.

आता स्टार्टर. इथून पुढे परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि तुम्ही शेजारी उभं राहून शिका. त्याला एवढंच सांगायचं: रिलेचा एरवी उघडा असणारा संपर्क लाल बटणाच्या सर्किटात मालिकेत टाका. मोटरचा प्रवाह रिलेतून जाऊ द्यायचा नाही. १ एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट, पण सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते आणि छोट्या रिलेचे संपर्क त्याने चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे तुमच्या पानावरचं सगळ्यात वाईट उत्तर. स्टार्टरच्या कॉइलचा प्रवाह किरकोळ असतो, तिथे ही भीती फार कमी.

तीन फेजचा स्टार्टर असेल तर कॉइल किती व्होल्टची आहे ते आधी वाचा. ती ४१५ व्होल्टची असू शकते, आणि छोट्या रिलेवर बहुधा २५० व्होल्टच लिहिलेलं असतं. तेव्हा मध्ये योग्य दर्जाचा दुसरा कॉन्टॅक्टर (मोठ्या कामाचा रिले) लागेल. स्टार्टरमधला ओव्हरलोड (मोटरवर भार जास्त झाला की तोडणारा भाग) काढायचा नाही, तो त्याचं काम करत राहू दे. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर हा प्रकल्प थांबवा आणि ते आधी बसवा.

स्टार्टरच्या कॉइलच्या झटक्यांनी नॅनो रीसेट होत असेल तर स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावतात: मालिकेत १०० ओम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, एक्स-२ (मेनवर चालणाऱ्या) दर्जाचा. तो कॉइलच्या दोन टोकांवर लावा, रिलेच्या संपर्कावर नको. संपर्कावर लावला तर ५० हर्ट्झला तो कपॅसिटर सुमारे ३२ किलोओम होतो आणि संपर्क उघडा असतानाही ७ मिलिॲम्पिअर झिरपत राहतात. एखादा हलका कॉन्टॅक्टर त्यावर सुटायला कुरकुरू शकतो. थांबवण्यासाठी केलेल्या सर्किटात न थांबण्याची वाट आपणच ठेवायची नाही.

रिलेच्या संपर्काला समांतर एक साधा ‘बायपास’ स्विचही वायरमनकडून लावून घ्या. गणपतीला घर भरलेलं असताना सर्किट बिघडलं तर घरच्या माणसाला तुमची वाट न बघता पाणी चढवता आलं पाहिजे.

मोडून पाहा

स्टार्टरला जोडण्याआधी रिलेवर १२ व्होल्टचा दिवा लावा. दिवा म्हणजे पंप. आता वही काढा आणि डाव्या रकान्यातला प्रत्येक बिघाड स्वतः घडवा. फ्लोटची वायर चालू असताना कापा, खरोखर कापा. एक ॲडॅप्टर उपटा, मग दुसरा. रीसेटचं बटण वीस वेळा दाबा आणि दिवा एकदाही चुकून लुकलुकतो का ते अंधारात बघा. त्याच प्लगपट्टीवर मिक्सर लावा, ड्रिल लावा, चालू-बंद करा. बादलीतला फ्लोट हाताने हिंदकळवत ठेवा. घरातल्या ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला समोर बसवा आणि हवं ते दाबू द्या. माझ्या काकूने पहिल्याच मिनिटाला दोन्ही बटणं एकदम दाबली आणि प्रोग्राम जो अडकला तो मला महिनाभर सापडला नसता.

जी चाचणी फसेल ती दुरुस्त करून सगळ्या पुन्हा पहिल्यापासून करा. याला तीन-चार संध्याकाळी लागतात, आणि माझ्या मते या प्रकल्पात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे.

खारी हवा

ब्रेडबोर्ड आणि टोचायच्या जंपर वायरी आपल्या हवेत एक पावसाळा काढत नाहीत. कारण समजून घ्या. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते सगळ्यावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे बोर्डावर पावसाचा थेंब पडायची गरजच नाही. तांब्याच्या दोन रेषांमध्ये मिठाच्या पाण्याचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि त्यातून वीज झिरपते.

म्हणून रचनेतच दोन गोष्टी सांभाळा. मोठ्या किमतीचे रेझिस्टर टाळा. १ मेगाओमच्या पुलअपला झिरपणारा थर सहज हरवतो, ४.७ किलोओमला हरवणं त्याला जड जातं. आणि १२ व्होल्टच्या रेषा व जमीन यांच्यामध्ये ठिपक्यांच्या बोर्डावर निदान एक ओळ रिकामी ठेवा, कारण ओलसर मिठातून सतत डीसी व्होल्टेज राहिलं की धातूचे केसासारखे धागे एका रेषेकडून दुसरीकडे वाढतात.

सोल्डर ६०-४०चं, रोझिन गाभ्याचं घ्या. पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स बोर्डाला लावू नका, ते मागे उरतं आणि तांबं खात राहतं. सोल्डरिंगची इस्त्री ३३० ते ३५० अंशांवर, टोक आधी जोडाला टेकवा, जोड तापला की सोल्डर जोडाला लावा, टोकाला नाही. सोल्डर पसरून चकाकलं पाहिजे. गोळा होऊन बसलं तर पुन्हा तापवा. नॅनो थेट सोल्डर करा. चिपच्या पॉवर पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरड आणि १२ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरड. ७८०५ला काही जड नाही: ७ व्होल्ट गुणिले ०.०३ ॲम्पिअर, पाव वॅटच्या आत.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, उन्हात किंवा दिव्याखाली पूर्ण सुकवा, आणि त्यावर ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्ड झाकणाऱ्या संरक्षक थराचे) दोन पातळ फवारे मारा. बटणं, टर्मिनल आणि यूएसबीचं तोंड आधी टेपने झाका. हे काम माघ-फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी करा. आगोटीच्या घाईत, मळभ आलेलं असताना कोटिंग केलं तर मीठ आणि ओल आत कोंडली जाते, आणि असा बोर्ड उघड्या बोर्डापेक्षा लवकर मरतो.

डबा आयपी ६५चा (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारा), प्लॅस्टिकचा. लोखंडी नको. सगळ्या वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्या, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला टपकेल. डब्याच्या तळाला एक बारीक भोक ठेवून आतून जाळी चिकटवा, नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. डबा थेट भिंतीला टेकवू नका, मागे लाकडाच्या पट्ट्या घालून इंचभर पोकळी सोडा. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्र दिसत असेल तर ३१६ ग्रेडचे. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरीच्या टोकाला सोल्डर लावू नका, ते दाबाखाली हळूहळू बसतं आणि जोड ढिला होतो. फेरूल (टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) दाबून घाला. आणि वर थोडं पेट्रोलियम जेली.

वीज

वैशाखातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडाडणारी वीज हा वेगळा शत्रू आहे. थेट पडलेल्या विजेपासून कुठलंही घरगुती सर्किट वाचत नाही, ते वाचवण्याचा दावा मी करणार नाही. पण लांबवर पडलेल्या विजेचे झटके अडवता येतात. विहिरीची वायर पीळ दिलेली, शिल्डची घ्या आणि पीव्हीसी पाइपातून जमिनीखालून न्या. शिल्ड एकाच टोकाला, घराच्या बाजूला, अर्थिंगला जोडा. वायर डब्यात शिरते तिथे पी-सिक्स-केई १८ए हा टीव्हीएस (झटका वळवून टाकणारा) डायोड. मेनच्या बाजूला फ्यूजनंतर १४डी ४३१ एमओव्ही (मेनवरचा झटका शोषणारा भाग). एमओव्ही प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर थोडा कमजोर होतो, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला.

अर्थिंग नावाला असतं, हे आपल्याकडचं मोठं दुखणं. सडा (कातळाचं पठार) आणि वाळू दोन्ही उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि अर्थपिटाचा रोध वाढतो. मार्चपासून आठवड्याला एक बादली पाणी खड्ड्यात ओता. आणि गडगडाट सुरू झाला की दोन्ही ॲडॅप्टर भिंतीतून काढा. सर्किट फक्त थांबवणारं असल्यामुळे ते काढल्याने काही अडत नाही. पंप थांबलेला असतो.

विहिरीत

फ्लोट पंपाच्या तोंडापासून निदान दोन हात वर बांधा आणि पंपाचा पाइप, शिडी, दोर यांपासून दूर ठेवा, नाहीतर तो अडकून ‘पाणी आहे’ म्हणत राहील. वायरीवर अडकवलेल्या वजनापासून फ्लोटपर्यंतची वायर जितकी लांब सोडाल तितकं ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर वाढतं. अर्धा हात पुरतो. २३० व्होल्ट कुठल्याही कारणाने फ्लोटच्या वायरीत जाऊ देऊ नका. विहिरीवर कोणीतरी कळशी सोडत असतं.

पहिला महिना रोज संध्याकाळी वहीत एक ओळ: पंप किती वेळ चालला, कुठल्या फ्लोटने थांबवला. महिन्यातून एकदा हिरवा दिवा पेटलेला असताना फ्लोटची एक वायर टर्मिनलमधून सोडा आणि रिले सुटतो का बघा.

झाकणाच्या आतल्या बाजूला आकृतीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवा. त्यावर फ्यूज किती ॲम्पिअरचा, बायपास कुठे, कुठल्या वायरी विहिरीकडे जातात आणि कुठल्या टाकीकडे, आणि प्रोग्रामची प्रत कुठल्या पेनड्राइव्हवर आहे ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. तुम्ही मुंबईला असाल तेव्हा डबा दुसऱ्याच कोणालातरी उघडावा लागेल.